नाळेतले रक्त: कोणासाठी, केव्हा?

ऑक्टोबर १९८८मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी फँकोनी ॲनिमिया या आनुवंशिक रक्तविकाराने ग्रासलेल्या एका अमेरिकन मुलावर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतल्या रक्ताचे रोपण केले, आणि तोवर वारेबरोबर टाकून दिल्या जाणाऱ्या या रक्ताचे औषधी मोल जगापुढे आले. या रक्तात रक्तजनक मूळपेशी असतात. त्या स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करतात आणि त्यांच्यापासूनच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबिका घडतात. म्हणून रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात दोष यांत रुग्णाची निकामी मज्जा औषधांनी नष्ट करून तिच्या जागी या पेशी रुजवता येतात.

रक्त घेण्याची क्रिया साधी असून तिने आईला वा बाळाला वेदना होत नाहीत. नाळ चिमटून कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून, गोठू न देणारे द्रव्य असलेली पिशवी खाली धरली की शंभर मिलिलिटरच्या आसपास रक्त आपोआप उतरते. पुढे प्रयोगशाळेत एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग यांच्या तपासण्या करून, पेशी मोजून ते हळूहळू थंड केले जाते आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवले जाते.

या रक्तातल्या प्रतिकारपेशी अननुभवी असल्यामुळे त्या रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचे प्रमाण मज्जारोपणापेक्षा कमी असते, आणि दाता व रुग्ण यांचे ऊतिगट, म्हणजे पेशींवरील ओळखखुणा, तंतोतंत जुळल्या नाहीत तरी चालते. अडचण आहे ती प्रमाणाची: एका पिशवीतल्या पेशी लहान मुलाला पुरतात, प्रौढाला बहुधा पुरत नाहीत, आणि नवी मज्जा रुजायला वेळ लागत असल्याने तेवढे आठवडे रुग्ण जंतुसंसर्गाच्या धोक्यात राहतो.

इथेच नाळेतले रक्त पैसे घेऊन साठवणाऱ्या खाजगी पेढ्यांच्या जाहिरातींचा विचार करावा लागतो, कारण त्या बाळाचे रक्त बाळासाठीच जपण्याचा सल्ला देतात. थॅलेसेमियासारखा दोष जन्मतःच असेल तर तो त्या बाळाच्या नाळेतल्या पेशींतही असतो, तेव्हा त्या पेशी त्याच आजारावर निरुपयोगी ठरतात. अमेरिकेतील रक्त व मज्जारोपण संस्थेच्या समितीने २००८मध्ये असे रक्त पहिल्या वीस वर्षांत त्याच मुलाला लागण्याची शक्यता ०.०४ ते ०.०००५ टक्के इतकी सांगितली होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्वतःच्या भावी वापरासाठी अशा साठवणीला शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे. स्वमग्नता किंवा मेंदूचा पक्षाघात यांवर हे रक्त रामबाण असल्याचे दावे तर आजवरच्या पुराव्यावर टिकत नाहीत.

खरा उपयोग आजारी भावंडासाठी आहे, आणि हुबळी-धारवाडकडच्या श्रोत्यांना तो मुद्दाम सांगितला पाहिजे, कारण या पट्ट्यात मामा-भाचीचे किंवा मामेबहिणीशी लग्न परंपरेने मान्य आहे आणि नात्यातल्या आईबापांत एकाच सदोष जनुकाचे वाहक दोघेही असण्याचा संभव वाढतो. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक, आणि निरोगी भावंडाचा ऊतिगट आजारी मुलाशी पूर्ण जुळण्याचीही चारांत एक; दोन्ही एकत्र धरल्यास पुढचे मूल निरोगीही आणि जुळणारेही निघण्याची शक्यता सोळांत तीन. ती फार मोठी नाही, परंतु आधीच एक मूल दर महिन्याला रक्त चढवून घेत असेल, तर त्या घराने हे रक्त राखून ठेवणे निश्चितच योग्य आहे.

इतर घरांच्या बाबतीत आधी बाळाचा विचार व्हावा. जन्मानंतर किमान एक मिनिट नाळ कापू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्या अवधीत वारेतले रक्त आणि त्यातले लोह बाळाकडे जाते; पिशवी भरण्याच्या घाईत नाळ लवकर चिमटली तर तोच साठा बाळ गमावते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ६७ टक्के भारतीय बालके रक्तक्षयी आढळली, हे पाहता या एका मिनिटाला मोठी किंमत आहे.

तेव्हा घरात आजारी भावंड असल्यास बाळंतपणापूर्वी रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा, आणि तसे नसल्यास पेढीचे हप्ते भरण्याआधी, लग्न ठरतानाच किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला, नवरा-बायको दोघांनीही थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्यावी.