वंशावळ : वाड्यावरची नोंदवही



दख्खनच्या पठारावर मेंढीपालन हा पिढ्यान्पिढ्यांचा व्यवसाय असला, तरी कोणत्या मेंढ्याची कोणती कोकरे आणि त्यांची वाढ किती, याची लेखी नोंद फार थोड्या वाड्यांवर ठेवली जाते. आणि नोंदीवाचून होणारी सुधारणा योगायोगाच्या हाती राहते. वंशावळ म्हणजे प्रतिष्ठेचा दाखला नव्हे, तर जनावराचे आईबाप, भावंडे आणि संतती यांची मोजून ठेवलेली माहिती होय.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील डिशली येथे रॉबर्ट बेकवेल यांनी आपले मेंढे हंगामापुरते भाड्याने देऊन, त्यांच्या कोकरांवरून त्यांचा कस ठरवला. त्यामागचे तत्त्व आजही खरे आहे, कारण मेंढी एका वेतात एखाददुसरेच कोकरू देते, तर पैदाशीचा एक मेंढा पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो, आणि म्हणून नराच्या निवडीतील चूक साऱ्या कळपाला भोवते. जनावर स्वतः कसे दिसते यापेक्षा ते संततीला काय देईल, याचा नातलगांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज म्हणजे ‘प्रजनन मूल्य’. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीच्या बाकदार नाकाला बाजारात मोठा भाव येतो. परंतु कोकरू किती झपाट्याने वाढेल आणि त्याच्या जिवंत वजनातून किती मांस हाती येईल, हे नाक सांगत नाही, तराजू सांगतो.

मोजमापाचे मोल फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ मेंढीतून दाखवून दिले आहे. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, तर सुंदरबनातील गरोळ ही लहान चणीची मेंढी सहज जुळी देते, आणि या गुणामागे ‘फेक-बी’ नावाचे एकच जनुक असते. गरोळ मेंढ्या अठराव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याहून ऑस्ट्रेलियात गेल्या, तेथील बुरूला मेरिनो मेंढीत हे जनुक ओळखले गेले, आणि फलटणला ते थेट गरोळकडून दख्खनी मेंढीत आणण्यात आले. या जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला बऱ्याचदा जुळी होतात. मात्र जुळ्यांतील प्रत्येक कोकरू जन्मतः हलके असते, म्हणून गाभण मेंढीला पुरेसा खुराक नसेल, तर वाढलेली संख्या मरतुकीत जाते. यास्तव खरे माप कोकरांची संख्या हे नसून, दूध तुटताना एका मेंढीमागे मिळणारे कोकरांचे एकूण वजन हे आहे.

मांसाचा दर्जाही याच मापाशी जोडलेला आहे, कारण झपाट्याने वाढलेले कोकरू कोवळ्या वयात विक्रीला येते आणि कोवळे मांस मऊ असते; वय वाढले की तंतू चिवट होतात. याउलट एकच मेंढा वर्षानुवर्षे वाड्यात राहिला, तर तो आपल्याच लेकींवर चढतो, आणि अशा जवळच्या नात्यातील पैदाशीने, म्हणजे अंतःप्रजननाने, वाढ मंदावते व मरतूक वाढते.

हे सारे साधण्यासाठी महागडी प्रयोगशाळा आधी लागत नाही. नुकत्याच जन्मलेल्या कोकराला कापडी झोळीत घालून काट्याला टांगावे, कानाला क्रमांकाचा बिल्ला लावावा, आणि आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक व वजन वहीत लिहावे, एवढ्यावर वंशावळीची सुरुवात होते. या परिषदेतील प्रत्येक पशुवैद्यकाने किमान एका वाड्याची अशी वही सुरू करून द्यावी, आणि प्रत्येक मेंढपाळाने पुढचा मेंढा नाक पाहून नव्हे, वही पाहून निवडावा, अशी आग्रहाची विनंती आहे.