मापाची वही



एका टर्नरला आपण अध्यक्षपद दिलंत. लेथपुढं उभं राहून ज्यांचं आयुष्य गेलं, त्या सगळ्यांचा हा मान आहे असं मी मानतो.

आपल्या सातारा-सांगलीच्या मुलखाला गॅरेज-वर्कशॉपचं हे काम नवं नाही. बेळगावात १८८८ साली सायकलींचं दुकान काढलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर कारखाना वसवला. मिरजेची तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली ती हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शिकलगारांनी. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली आणि साताऱ्यातून प्रिया रस्त्यावर आली. तिच्या गिअरच्या मुठी आता आपल्याच टेबलावर येतात.

जुन्या गाडीचा ब्रेकचा किंवा क्लचचा लिव्हर मिळत नाही म्हणून आपण तो बनवतो. पण बहुतेक वेळा नजरेनं बनवतो. बाक जमला, पॉलिश चढलं, गिऱ्हाईक खूश. खरं माप असतं ते पिव्हटच्या मध्यापासून केबलच्या टोकाच्या निपलच्या मध्यापर्यंतचं. मूळ लिव्हरमध्ये ते २२ मिलिमीटर असेल आणि आपण २५ वर भोक पाडलं, तर हाताचा जोर तेवढाच असताना केबलला सुमारे बारा टक्के कमी ताण मिळतो. कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना ड्रम ब्रेकच्या गाडीला ते परवडत नाही. तडा गेलेल्या ब्रेक लिव्हरला वेल्डिंगचा टाका मारून देणं तर साफ बंद करा. ओतीव अॅल्युमिनिअमच्या पोटात पोकळ्या असतात, त्या वरून दिसत नाहीत. चांगल्या पट्टीतून नवा लिव्हर कापा, वेळ लागू द्या.

केबलचंही तेच. तार पेट्रोलनं धुवून निपलमध्ये ओवायची, टोकाचे पदर फुलासारखे उमलवायचे, मग मागं ओढून निपलच्या रुंदावलेल्या तोंडात बसवायचे. त्यानंतर फ्लक्स, आणि वितळलेल्या कथलात बुडवून डाग. पदर तोंडात अडकलेले असले की सगळा भार कथलावर येत नाही. घाईत कुणी पितळेनं झाळतं. त्या आचेनं तारेचं पाणी उतरतं आणि ती निपलच्या मुळाशी तुटते. निपल लिव्हरमध्ये मोकळं फिरायला हवं, त्याला थेंबभर तेल हवं. ते अडलं की प्रत्येक ओढीला तार तिथंच वाकते आणि एकेक पदर जातो.

आट्यांबद्दल आपण फार बेफिकीर आहोत. जुन्या बुलेटवर इंचाला सव्वीस आट्यांचे बोल्ट भेटतात. एक मिलिमीटर पिचचा बोल्ट त्यांच्या भोकात दोन-तीन आटे गोड बसतो, मग पान्याला जोर लागतो आणि जुने, पुन्हा न मिळणारे आटे मरतात. पिच गेज लावल्याशिवाय पाना उचलू नका. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्यांत किक आणि गिअर एकाच दांड्यावर. तिथं दात झिजले की दोन्ही कामं अडतात. ती कंपनी १९९६ ला थांबली, नकाशा मागायचा कुणाकडं?

मला खरी चिंता याचीच आहे. कित्येक मापं आपल्या वस्तादांच्या बोटांत आहेत, कागदावर कुठंच नाहीत. वस्ताद थकले की ती जातात आणि पोरगा पुन्हा नजरेनं भोक पाडतो. म्हणून माझी मागणी आहे की सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक वही असावी: गाडी, साल, भाग, पिव्हट ते निपल अंतर, केबलची आतली आणि बाहेरची लांबी, आटे, धातू. झिजलेल्या भागाचं माप घेतलं असेल तर तसं स्पष्ट लिहा. झिजेची नक्कल करू नका. मापं कुणी लपवून ठेवू नयेत. धंदा हाताच्या सफाईवर चालतो, तो चालेलच.

मागच्या टेबलावर व्हर्निअर, पिच गेज आणि कोरी वही ठेवली आहे. जेवणापूर्वी ज्यांनी प्रिया आणली आहे त्यांनी पुढं यावं, क्लच लिव्हरपासून सुरुवात करू.