रांगतं बाळ रात्री का उठतं?



बचत गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब मिटला, की घरच्या गोष्टी निघतात. सध्या खुरपणीचे दिवस. अंगावर बाळ असलेल्या बायकांचं गाऱ्हाणं एकच: सहा महिन्यांपर्यंत लेकरू नीट झोपायचं, आता आठवा-नववा लागला आणि रात्रीतून चार-चार वेळा उठतं. मग सल्ले येतात. दृष्ट काढा, जायफळ चाटवा, नाहीतर खोकल्याचं औषध चमचाभर द्या, सकाळपर्यंत गप पडेल.

दृष्ट काढायची तर काढा, फक्त धूर बाळाच्या नाकाशी नको. पण औषधाची बाटली खाली ठेवा. झोप आणणाऱ्या औषधानं बाळाचा श्वास मंदावू शकतो. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या दूषित औषधानं लहान मुलं दगावली. त्यानंतर दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य खात्यानंही सांगितलं. जायफळही जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि उगाळताना किती उतरलं हे कोणाला मोजता येत नाही. वर्षाच्या आत मधही चाटवू नका.

मग बाळ उठतं का? या वयात ते रांगतं, धरून उभं राहतं, दात येत असतात. आई दिसली नाही की ती गेलीच असं त्याला वाटतं. झोप मध्ये चाळवते ती आपली सगळ्यांचीच. आपण कूस बदलतो, बाळ मात्र झोपताना जे होतं तेच शोधतं. हलत्या झोळीत झोपलेलं बाळ झोळी थांबलेली पाहून रडतं.

म्हणून डोळे जड झाले, पण पुरते मिटले नाहीत, तेव्हाच त्याला अंथरुणावर उताणं ठेवा आणि थोपटा. रोज एकच क्रम ठेवा: मऊ खिचडी किंवा नाचणीची पेज, अंग पुसणं, दूध, अंगाई, अंधार. रात्री कुरकुरलं तर लगेच उचलू नका, आधी हात ठेवून पाहा. भूक असेल तर जरूर पाजा, पण दिवा लावू नका, मोबाईल दाखवू नका. दिवसा झोपू दिलं नाही तर रात्री गाढ झोपेल, हा समज उलटा आहे. दमलेलं बाळ जास्त किरकिरतं. या वयात दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप लागते. एका रात्रीत फरक पडणार नाही. आठ-दहा दिवस तरी हाच क्रम चालू ठेवा.

आता घरातल्या माणसांसाठी दोन शब्द. पहाटे उठून चूल पेटवायची, दिवसभर वाकून खुरपायचं आणि रात्रभर जागायचं, हे एकटीनं निभत नाही. अर्धवट झोपेत विळा हातावर बसतो. पाजणं आईलाच जमतं, पण थोपटणं बाबांनाही जमतं. दूध पिऊन झाल्यावर बाळ त्यांच्याकडे द्या. सासूबाईंनी पहाटे तासभर बाळ घेतलं, तर सुनेचा एक डोळा लागतो.

मात्र ताप असेल, श्वास जोरात चालत असेल, बाळ सारखं कान ओढत असेल, दूध घेत नसेल किंवा उठवूनही जागं होत नसेल, तर ती साधी किरकिर नव्हे. आशाताईंना बोलवा, आरोग्य केंद्रात न्या. गाडी नसेल तर १०८ नंबर लावा. नवव्या महिन्यात आशाताई घरी येतात, गोवराची लसही तेव्हाच असते. झोपेचं त्यांना तेव्हा विचाराच.

पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या बाळंतिणींना एवढं विचारा: रात्री तुमच्याबरोबर कोण उठतं? उत्तर ‘कोणी नाही’ आलं, तर तिच्या घरी दोघीतिघी जाऊन बसू. कर्जाच्या हप्त्यासाठी जातोच की आपण!