आधी पाणी, मग शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी मी चार शब्द बोलावे, असा मंडळाचा आग्रह झाला. व्याख्यान देण्याइतकी माझी विद्वत्ता नाही. सारा जन्म मुलांना मराठी शिकवण्यात गेला. त्यात हातून घडलेली एक चूक आणि तिने मला शिकवलेला धडा, एवढेच तुमच्यापुढे ठेवते.

नोकरीचे पहिलेच वर्ष होते. पहिलीच्या वर्गात मालवणकडून नुकतीच आलेली एक मुलगी होती. एके दिवशी ती उभी राहून म्हणाली, "बाई, माका तान लागली." वर्ग खो-खो हसला. मी म्हटले, "असे नाही बोलायचे. ‘मला तहान लागली’ असे म्हण." तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. काही दिवसांनी तिची आई भेटली. म्हणाली, "बाई, चेडू घराक इला की आधी तांब्याभर पाणी पिता." तेव्हा उलगडा झाला. माझ्या धाकाने पोर दिवसभर तहान सोसत होती!

मला वाटत होते, मी भाषा सुधारते आहे. प्रत्यक्षात मी तिच्या आईची बोली चारचौघांत खोटी ठरवली होती. आणि ‘तान’ काय, ‘तहान’ काय, दोघी एकाच ‘तृष्णे’च्या लेकी!

पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कार्याची ओळख झाली, आणि माझे कुठे चुकले ते नीट उमगले. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला खेड्यातील मुलांसाठी काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत नेले. मॉन्टेसरीबाईंची महागडी साधने तेथे कुठली? त्यांनी शंखशिंपले, खडे, बिया, पाने हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच कुरणशाळा भरली. मुलाने शाळेजोगे व्हावे म्हणून त्या थांबल्या नाहीत. शाळाच मुलाजोगी केली.

वारल्यांच्या लग्नात धवलेरी ही स्त्री गाणी म्हणून लग्न लावते. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक रेखाटतात. एवढे धन ज्या घरात आहे, त्या घरच्या मुलाला ‘याला भाषा येत नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

मग मीही माझी रीत बदलली. आधी पाणी, मग शब्द. फळ्यावर दोन रकाने आखले, एक घरचा नि एक पुस्तकाचा. भाकरीबरोबर काय खाता, असे विचारले. कोणी ‘कालवण’ म्हणाले, कोणी ‘कोरड्यास’. मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "तिखला!" त्या दिवशी मला पगारवाढीहून अधिक आनंद झाला.

याचा अर्थ पुस्तकी मराठी शिकवू नये, असा मुळीच नाही. अर्ज लिहायला, परीक्षा द्यायला, चारचौघांत आपला हक्क मागायला ती हवीच. ती न देणे म्हणजे मुलाचे नुकसान करणे. पण ती घरच्या बोलीत भर घालणारी असावी, तिला हुसकावणारी नसावी. नव्या सुनेला घरात घेताना आपण सासूला घराबाहेर काढतो का?

भगिनींनो, आज आपल्यातल्या कित्येकजणी नातवंडांशी मोडक्या इंग्रजीत बोलतात आणि स्वतःच्या माहेरची बोली लपवतात. इंग्रजी शाळेत शिकू द्या. घरी मात्र आपली ओवी, आपला उखाणा, आपली म्हण मोकळेपणी ऐकू द्या. मंडळाच्या पुढच्या सभेला प्रत्येकीने माहेरचे दहा शब्द वहीत लिहून आणावेत, एवढीच माझी मागणी आहे. कोणी हसणार नाही, याची हमी मी घेते.