सावित्रीबाईंची गोधडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला नाव घ्यायचे म्हटले तरी मी मागे सरते. पण समोर अंथरलेल्या गोधडीची माहिती कोणीतरी सांगायला हवी, आणि तिच्या चौकटींचा कागद माझ्या ताब्यात होता, म्हणून हे काम माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. बोलण्यात अधिकउणे झाल्यास सांभाळून घ्यावे.

यंदा वर्धापनदिनाला सावित्रीबाई फुले यांचे चरित्र गोधडीवर उतरवावे, ही सूचना सर्वांना पसंत पडली. गोधडी कशी शिवायची हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चरित्र मात्र वाचावे लागले. चार महिने दर गुरुवारी दुपारी एकीने वाचायचे आणि बाकीच्यांनी चिंध्या निवडायच्या, असा क्रम ठेवला.

आडव्या तीन आणि उभ्या चार अशा बारा चौकटी धरल्या. प्रत्येक चौकट पंधरा इंचांची. सभोवार सहा इंचांचा काठ इरकली लुगड्याचा. म्हणजे गोधडी पावणेपाच फूट रुंद आणि सहा फूट लांब झाली. आत दोन जुनी सुती लुगडी, खाली धोतराचे अस्तर. नवे कापड वापरायचे नाही, असा नियम केला होता.

पहिला प्रश्न निघाला तो चेहऱ्याचा. मधोमध सावित्रीबाईंचे चित्र भरावे, असे पुष्कळजणींचे मत होते. तेव्हा आमच्या एका वयस्कर सभासदबाई म्हणाल्या, "अगं, गोधडीवर माणूस निजणार. तिच्या तोंडावर पाय द्यायचे का?" ते सर्वांना पटले. भिंतीवर टांगायची असती तर गोष्ट निराळी. परंतु आपली गोधडी वापरातली. वस्तीत ज्या घरी मुलगी जन्मेल, त्या घरी बारशाला ती अंथरायची, असे आधीच ठरले होते. म्हणून चेहरा काढला नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या वस्तू काढायच्या आणि वस्तूंवरून बाई ओळखू यावी, असे ठरले.

आता चौकटी पाहा. पहिलीत नायगावचे घर आहे. तेथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. दुसरीत पाटी आहे, काळ्या परकराच्या तुकड्याची. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. ती जोतीरावांनी करून दिली. तिसरीत पुण्याच्या भिडे वाड्याचे दार आहे. १८४८ साली तेथे मुलींची शाळा निघाली. ती जुनी इमारत २०२३ साली स्मारकासाठी पाडली, म्हणून दार आम्ही छायाचित्रावरून काढले.

चौथ्या चौकटीत दोन लुगडी आहेत, एक स्वच्छ आणि एक मळके. सावित्रीबाई शाळेत निघाल्या की लोक अंगावर शेण, चिखल, दगड टाकीत. म्हणून त्या जवळ दुसरे लुगडे ठेवीत. शाळेत पोचल्यावर ते नेसून शिकवीत, आणि घरी जाताना पुन्हा मळके नेसून त्याच रस्त्याने परत जात. या चौकटीवर मंडळात बरेच बोलणे झाले. गोधडीवर चिखल दाखवणे बरे दिसत नाही, दोन्ही लुगडी स्वच्छच असू द्यावी, असे काहींनी सुचविले. मला ते पटेना आणि मी तसे सांगितले. माझ्या माहेरी शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा सहा किलोमीटरवर. फी नव्हती, पुस्तकेही मिळाली असती. पण मुलीला एकटीला त्या रस्त्याने कसे पाठवायचे, एवढ्यावर माझे शिक्षण थांबले. शाळा निघाली की मुली शिकल्या, असे होत नाही. मधला रस्ता असतो. सावित्रीबाई तो रस्ता रोज दोनदा चालल्या. तो चिखल पुसून टाकला तर त्यांनी काय सोसले ते आपल्या मुलींना कळायचे कसे? अखेर सर्वांच्या संमतीने एका लुगड्याचा तुकडा काताच्या पाण्यात बुडवून डागाळला.

पाचवीत १८५४ सालचे त्यांचे 'काव्यफुले' हे पुस्तक आहे. सहावीत पत्र आहे. १८५६ साली आजारी पडून त्या माहेरी गेल्या, तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिले. आपल्यामागे शाळेच्या कामाचा भार फातिमावर पडत असेल, ही काळजी त्या पत्रात आहे. आजारपणात माहेरी जाऊनही आपले लक्ष चुलीपाशी असते, तसे त्यांचे शाळेपाशी होते. सातवीत पाळणा आहे, दुपट्याच्या कापडाचा. फसवल्या गेलेल्या विधवांनी जीव देऊ नये, मूल टाकू नये, म्हणून १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले. आठवीत हौद आहे. १८६८ साली घरचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. हौदाचे निळे पाणी ब्लाउजपिसाचे आहे. तो ब्लाउजपीस ओटीत घालून घालून इतक्या घरी फिरला होता की शेवटी गोधडीत येऊन सुटला. नववीत भाकरी आहे, १८७७ च्या दुष्काळातल्या कामाची खूण.

दहाव्या चौकटीपाशी मात्र शिवण तीन आठवडे अडली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. अंत्ययात्रेपुढे टिटवे कोणी धरायचे यावरून वाद निघाला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः ते हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. चौकटीच्या कागदावर टिटवे होते. बारशाला अंथरायच्या गोधडीवर मर्तिकाचे मडके नको, बाळाला ते बाधेल, असे म्हणणे आले. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते. आपण सगळ्याच असे मानत वाढलो. पण त्या गुरुवारी कोपऱ्यात दोरा ओवीत बसलेल्या आपल्या तीन विधवा भगिनींपैकी एक म्हणाली, "मडके अशुभ, म्हणून आम्हीही बारशाला मागेच बसायचे ना? मग ती चौकट आमच्याकडे द्या." कोणाच्याच तोंडून शब्द निघाला नाही. तिघींनी मिळून ती चौकट शिवली. आता नीट पाहा, साऱ्या गोधडीत तिचेच टाके सर्वांत बारीक आहेत. आणि गेल्या महिन्यात वस्तीत पहिले बारसे झाले, तेव्हा बाळाला या गोधडीवर घालण्याचा मान त्याच भगिनीला मिळाला, हे सांगायला मला फार आनंद होतो.

अकरावीत पाठुंगळी घेतलेले मूल आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन हडपसरजवळ डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. येथे फक्त वाकलेली पाठ आणि मुलाचे दोन हात काढले आहेत. ज्या बाईने कडेवर, पाठीवर मूल वागवले आहे, तिला एवढे पुरे होते.

बारावी चौकट आपली. प्रत्येकीने आपले नाव स्वतः लिहायचे आणि त्यावर साखळी टाका घालायचा. चौघीजणी अंगठा लावणाऱ्या होत्या. "आमचे नाव तुम्हीच काढा," असे त्यांनी सांगून पाहिले, पण कोणी ऐकले नाही. नातवंडांच्या पाट्या घेऊन त्या दीड महिना बसल्या. चारी नावे चौकटीत आहेत. एक ओळ चढत गेली आहे, एका 'ई'ची वेलांटी शेजारणीच्या नावात शिरली आहे. तो टाका उसवायचा नाही, असे सर्वानुमते ठरले.

शेवटी एकच विनंती. आपल्या वस्तीतल्या पाच मुली यंदा आठवीत जाणार आहेत. त्यांची शाळा ओढ्यापलीकडे आहे. रस्ता आडबाजूचा, म्हणून दोन घरांत आतापासूनच "पुरे झाले शिक्षण" असे बोलणे सुरू झाले आहे. आपण मंडळात तीस जणी आहोत. सकाळी एकीने पोचवायचे, संध्याकाळी दुसरीने आणायचे, असे धरले तर रविवार सोडून एकेकीची पाळी पंधरा दिवसांनी येईल. मी पहिल्या सोमवारची सकाळ घेते. चहाच्या टेबलावर वही ठेवली आहे. जाताना आपापले वार त्यात लिहावेत, आणि आपल्याच हाताने लिहावेत.