पाटीवर नसलेलं नाव : मारिओ बाउसा



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयापुढे ‘लॅटिन’ वाचून संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक पहिल्या रांगेत येऊन बसले आहेत. सर, आज व्हर्जिल नाही आणि ओव्हिडही नाही. (हशा) आज क्यूबा, न्यूयॉर्क, ट्रम्पेट, काँगा आणि नाच. उठून जायचं असेल तर आत्ताच जा, मी मनाला लावून घेणार नाही. बसताहेत! आभारी आहे.

काल इथे पाण्याच्या प्रश्नावर व्याख्यान झालं, उद्या ज्येष्ठांच्या आरोग्यावर आहे. मधल्याच दिवशी कुठल्या परमुलखातल्या बँडवाल्यांची कथा कशाला, असं मघाशी चहाच्या वेळी दोघांनी विचारलं. एकाने प्रेमाने विचारलं, दुसऱ्याने तसं नाही. त्याचं उत्तर मी देईनच, पण माझ्या सोयीने.

माझं एक जुनं वेड आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर फसवलं म्हणायला नको. वरातीत सगळे घोड्यावर बसलेल्याकडे बघतात, आणि वरात कुठल्या वळणाने न्यायची हे तिसराच कुणीतरी ठरवत असतो. बँडचंही तेच आहे. पुढे उभा राहून गातो, हसतो, हात हलवतो तो बँडचा चेहरा. कुणी केव्हा वाजवायचं आणि मुख्य म्हणजे कुणी केव्हा गप्प बसायचं, हे जो ठरवतो तो माझ्या लेखी बँडचा पुढारी. असा माणूस बहुतेक वेळा मागच्या रांगेत ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसलेला असतो.

हार्लेम, ड्यूक एलिंग्टन, काउंट बेसी, मंदी, मग महायुद्ध, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मॅम्बोची लाट, पेरेस प्रादो, टिटो प्वेन्ते, हॉलिवूडच्या पडद्यावर मिरवलेला झेवियर कुगात, हेही ऐकून आहात. तेव्हा ते सोडून देतो. मारिओ बाउसा हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. एक... दोन... अध्यक्षांनी भाषणाआधी माझ्याकडून ऐकलंय, तो हात धरायचा नाही. (हशा)

मारिओ बाउसाचा जन्म १९११चा, हवानाचा. लहानपणीच तयार क्लॅरिनेटवादक. पंधराव्या वर्षी अंतोनियो मारिया रोमेउ यांच्या वाद्यवृंदाबरोबर रेकॉर्डिंगसाठी तो न्यूयॉर्कला गेला, हार्लेम पाहिलं आणि तिथे परत यायचं हे मनाशी पक्कं केलं. १९३०मध्ये गेला तो गेलाच. न्यूयॉर्कात गायक अंतोनियो माचिनला ट्रम्पेटवाला हवा होता. बाउसा वाजवायचा क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन. तो म्हणाला, मला ट्रम्पेट आणून द्या, मी वाजवतो. दोन आठवड्यांत शिकून तो रेकॉर्डिंगला उभा राहिला, असं तो स्वतः सांगायचा. थोडं मीठमसाला धरा, तरी रेकॉर्डिंग झालं हे खरं.

पुढे १९३३पासून चिक वेबचा बँड. सॅव्हॉय बॉलरूममध्ये रात्रभर लोकांना नाचवणारा हा बँड, एला फिट्झजेराल्ड तिथेच पुढे आली. बाउसा त्या बँडचा म्युझिकल डायरेक्टर झाला. परकी भाषा बोलणारा क्यूबन माणूस हार्लेमच्या अव्वल बँडची शिस्त बघतोय, हे जरा डोळ्यांपुढे आणा. मग कॅब कॅलोवेचा बँड. तिथे डिझी गिलेस्पी नावाच्या तरुण पोराला शिरकाव मिळावा म्हणून एका रात्री याने आपली खुर्ची त्याला दिली. डिझी बँडमध्ये लागला. पुढे जगाने डिझीचे फुगलेले गाल बघितले. खुर्ची कुणाची होती हे कुणी विचारलं नाही.

१९४०मध्ये बाउसाचा मेहुणा फ्रँक ग्रिल्यो ऊर्फ माचितो याने बँड काढला. बाउसाची बायको एस्तेला ही माचितोची बहीण. बँडचं नाव ‘माचितो अँड हिज आफ्रो-क्यूबन्स’. आपण आफ्रिकेचे आहोत असं त्या काळात, त्या शहरात दारावरच्या पाटीवर लिहायचं, याला छाती लागते. थोड्याच काळात बाउसा कॅलोवेला रामराम करून तिथे आला. पद म्युझिकल डायरेक्टरचं, बसायचं ट्रम्पेटच्या रांगेत. त्याने ठरवलं की सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट कॅलोवेच्या बँडसारखे कडक वाजले पाहिजेत आणि खालची लय हवानाचीच राहिली पाहिजे. कॅलोवेसाठी लिहिणाऱ्या जॉन बार्टीकडून त्याने अरेंजमेंट्स लिहून घेतल्या. काँगा, बोंगो आणि टिंबालेस ही तिन्ही तालवाद्यं एका बँडमध्ये कायमची बसवण्याचं श्रेय याच बँडला दिलं जातं.

आता खालची लय म्हणजे काय, ते कळल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घाबरू नका. आपला तीनताल घ्या, सोळा मात्रा. सम, टाळी, खाली विसरा आणि फक्त पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी या मात्रांवर टाळी द्या. मी मोजतो. एक-दोन-तीन-*चार*... नाही, नाही! नवव्या मात्रेला अर्ध्या सभेचा हात खालीला गेला! (हशा) संस्कार म्हणतात तो हाच. पुन्हा करू. ...आता जमतंय. उजवीकडचा महिलावर्ग अचूक आहे, डावीकडे कीर्तन चाललंय. (हशा, टाळ्या)

याला क्लाव्हे म्हणतात. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्या अर्ध्यात दोन. गाण्याची ओळ दुसऱ्या अर्ध्यापासूनही सुरू होऊ शकते, मग आधी दोन आणि नंतर तीन. कुठूनही निघा, पण एकदा निघालात की लय उलटी करायची नाही. वरच्या ओळीने, ट्रम्पेटने, सॅक्सने, सगळ्यांनी तिच्याशी जमवून घ्यायचं. अमेरिकन अरेंजर सुंदर लिहायचे आणि हे विसरायचे. बाउसा ऐकत बसायचा आणि कुठे उलटं झालं ते सांगायचा. तीन-दोन आणि दोन-तीन असं नीट मांडून शिकवण्यात त्याचा मोठा वाटा मानतात. हे काम रेकॉर्डवर ऐकू येत नाही. चूक झाली असती तरच ऐकू आलं असतं.

आता एक हकिगत. दोन मिनिटांत सांगणार होतो, पण... असो. मे १९४३ची अखेर, ‘ला कोंगा’ नावाचा क्लब. एक गाणं संपलं. वादक पुढचे कागद उलटताहेत, कुणी घाम पुसतोय. पियानोवर लुईस वारोना होता. मोकळा वेळ मिळाला म्हणून त्याने सहज एक घाट छेडला आणि तो घोळवत राहिला. हुलिओ अँदिनोचा बास खालून त्यात मिसळला. अशा वेळी म्युझिकल डायरेक्टर काय करतो? ‘पुरे, पुढचं गाणं’ म्हणतो. बाउसाने ते ऐकून ठेवलं. ३१ मे, सोमवार, पार्क पॅलेसमध्ये तालीम. तो वारोनाला म्हणाला, परवाचं ते वाजव. बासला म्हणाला, तूही वाजव. मग सॅक्सच्या रांगेपुढे जाऊन त्यांची ओळ तोंडाने गाऊन दाखवली. ती बसल्यावर ट्रम्पेटची ओळ गाऊन दाखवली. एकावर एक थर. उत्तम नोटेशन लिहू शकणारा हा माणूस आणि कागद एकही नाही. त्या तालमीत जे उभं राहिलं ते ‘टांगा’. जॅझचं अंग आणि क्लाव्हेचा पाया एकत्र आलेली ही पहिली रचना असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथून जे निघालं त्याला आज आपण लॅटिन जॅझ म्हणतो.

तोंडाने गाऊन ओळ बसवून घ्यायची, हे ऐकून इथे कुणाला आश्चर्य वाटलेलं दिसत नाही. वाटणारही नाही. मुंबईच्या स्टुडिओंत हेच चालायचं, फक्त उलट्या बाजूने. संगीतकार गुणगुणायचा आणि गोव्याचा अरेंजर कागदावर उतरवून तीस-चाळीस वादकांत वाटायचा. चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ. हॉटेलांत जॅझ वाजवणारा हा ट्रम्पेटवाला पुणतांब्याच्या चितळकरांचा, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांचा, सहाय्यक होता. १९५१च्या ‘अलबेला’त बोंगो आहे, ट्रम्पेट आहे, क्लॅरिनेट आहे, आणि चिक चॉकलेटचा बँड तर पडद्यावरच दिसतो. भगवानदादा सगळ्यांना आठवतात. चिक? अरेंजर सेबास्टियन डिसूझा? अँथनी गोन्साल्विसचं नाव घेतलं तर अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ आठवतो. (हशा) हसा, पण तो खरा माणूस होता. व्हायोलिनवादक, अरेंजर, प्यारेलालजींचा गुरू. शिष्याने नाव गाण्यात गुंफलं म्हणून निदान ते तरी राहिलं. मघाशी परमुलखातल्या बँडवाल्यांची कथा कशाला असं विचारणारे गृहस्थ कुठे बसले आहेत? गेले का? असो.

कार्यवाह घड्याळ दाखवताहेत. दहाला माइक बंद करावा लागतो, पोलिसांपुढे क्लाव्हेचं काही चालत नाही. तेव्हा भराभर. १९४३मध्ये माचितो सैन्यात गेला. बँडचा चेहराच गेला, तरी बँड थांबला नाही. हवानाहून ग्रासिएला आली, गाऊ लागली. मागची रांग जागेवर होती, एवढंच सांगतो. १९४७मध्ये डिझीला आपल्या बँडसाठी काँगावाला हवा होता. बाउसाने त्याची चानो पोसोशी गाठ घालून दिली. त्यातून ‘मांतेका’ झालं, श्रेय डिझीला आणि चानोला. १९४८च्या डिसेंबरात चार्ली पार्कर माचितोच्या बँडबरोबर रेकॉर्डिंगला उभा राहिला. १९५०मध्ये चिको ओफारिलची ‘आफ्रो-क्यूबन जॅझ सूट’. ब्रॉडवेवरच्या पॅलेडियममध्ये गोरे, काळे, प्वेर्तोरिकन, ज्यू सगळे एका फरशीवर नाचायचे. यातल्या एकेकावर एकेक तास हवा होता. आणि हो, १९४७मध्ये स्टॅन केंटन या बँडवर खूश होऊन एक रचना रेकॉर्ड करतो. तिचं नाव काय? ‘माचितो’. संपला विषय!

हात जोडतो, आणखी पाच मिनिटं. एक चिठ्ठी आली आहे : ‘माचितोवर तुम्ही अन्याय करत आहात. गाणारा नसेल तर ऐकणार कोण?’ चिठ्ठी लिहिणारे बहुधा स्वतः गात असावेत. (हशा) नाही, प्रश्न रास्त आहे आणि मला टोचलाही. माचितोचा आवाज, हातातल्या माराकास, त्याचा रुबाब, कशातच कमी नव्हतं. उलट मी त्याला एका गोष्टीसाठी जास्त मार्क देतो. आपल्यापेक्षा ज्याला संगीत जास्त कळतं त्याच्या हाती आपला बँड तीसहून अधिक वर्षं सोपवायची आणि स्वतः पुढे उभं राहून गायचं, हे किती पुढाऱ्यांना जमतं? मी संगीतातल्याच पुढाऱ्यांबद्दल बोलतोय, याची नोंद घ्यावी. (हशा, टाळ्या) माझं भांडण माचितोशी नाहीच. पाटीवर एकच नाव मावतं असं समजणाऱ्यांशी आहे.

शेवट. १९७०च्या दशकाच्या मध्यात दोघे वेगळे झाले. १९८३मध्ये माचितोला ग्रॅमी मिळालं, पुढच्याच वर्षी लंडनच्या दौऱ्यात तो गेला. आणि बाउसा? ऐंशी उलटल्यावर एका जर्मन कंपनीने त्याच्या स्वतःच्या नावाच्या बँडचे अल्बम काढले. पहिला १९९२चा, नाव ‘टांगा’. दुसऱ्याचं नाव ‘माय टाइम इज नाउ’. त्या वयात हे नाव द्यायला गंमत लागते आणि थोडा रागही. १९९३च्या जुलैत तो वारला.

रेकॉर्ड ऐकवायची होती, वेळ नाही. घरी दोन ‘टांगा’ लागोपाठ ऐका. १९४०च्या दशकाअखेरची, पाटीवर माचितो असलेली, आणि १९९२ची, पाटीवर मारिओ असलेली. दुसरी लांब आहे, चिको ओफारिलने मांडणी वाढवलीय, रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. ते बाजूला ठेवा आणि मघाच्या पाच टाळ्या देत राहा. दोन्हींमागे एकच डोकं नाही असं वाटलं तर कार्यवाहांकडे चिठ्ठी द्या, मी मानधन परत करतो. रक्कम त्यांना माहीत आहे, त्यामुळे हे आव्हान मला परवडतं. (हशा)