दगडावरचे पट्टे काय सांगतात?

नव्या घरांच्या ओट्यावर कधी लाटांसारखे काळे-पांढरे पट्टे असलेला दगड दिसतो. दुकानात त्याला ग्रॅनाईटच म्हणतात. पण असा दगड बहुधा पट्टिताश्म असतो.

तो तयार कसा होतो? जुना खडक जमिनीत कित्येक किलोमीटर खोल गाडला जातो. तिथं ६०० अंशांहून जास्त उष्णता आणि प्रचंड दाब. खडक वितळत नाही, पण त्यातले कण नव्यानं वाढतात. गारेसारखे पांढरे कण एका पट्ट्यात, अभ्रकासारखे काळे दुसऱ्या पट्ट्यात. पट्टे दुमडलेले दिसले, तर समजायचं की खडक तापून मऊ झाला आणि दाबानं वाकला. तो आज उघड्यावर आहे, म्हणजे त्याच्यावरचे कित्येक किलोमीटरचे थर झिजून गेले.

आपल्या राज्यात असा खडक गोंदियाच्या आमगावकडे, सिंधुदुर्गात सापडतो. मुळशीत मात्र वर दिसत नाही. ताम्हिणी घाटात डोंगराला आडवे पट्टे दिसतात, ते वेगळे. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे थर. आपलं जातं, पाटा-वरवंटा त्याच काळ्या दगडाचे. किल्लारीला १९९३च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी खोल भोक घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर हा काळा दगड संपला आणि थोडं खाली पट्टिताश्म लागला.

हे आपल्याला कशाला हवं? पाण्यासाठी. हंडा आपल्याच डोक्यावर असतो. लाव्हाच्या थराचा माथा बहुधा सच्छिद्र असतो, मधला भाग घट्ट कातळ. पाऊस सच्छिद्र भागात आणि भेगांत मुरतो, आणि डोंगरउतारावर त्या थराचं तोंड उघडं पडतं तिथं झरा फुटतो. म्हणून पुष्कळदा झरे एकाच उंचीवर ओळीनं दिसतात. घट्ट कातळात भेग लागली नाही, तर कितीही खोल गेलं तरी बोअर कोरडंच. पैसे मात्र फुटाप्रमाणे मोजावे लागतात.

तेव्हा बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक वही करूया. कुठला झरा कुठल्या पट्ट्याखाली आहे, कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो, ते लिहूया. झऱ्याच्या वरच्या अंगाला माती-मुरूम उपसू द्यायचा नाही. आणि गावात बोअरचा विषय निघाला, की ही वही आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसांना दाखवायची, मग ग्रामसभेत हात वर करायचा.